सिरममध्ये यीस्टला मोड का फुटतात?

मागच्या अंकात बुरशीवर लिहिताना ओघात एक वाक्य टाकलं होतं, की आपल्या तोंडात आणि आतड्यात गुपचूप राहणारं कँडिडा अल्बिकन्स नावाचं यीस्ट वेळ आली की रूप बदलतं, गोल दाण्याचा लांब धागा होतो. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आलीत की यावेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही. मग म्हटलं होऊनच जाऊ दे, सगळा अंक कँडिडाचा.

प्रश्न: मॅडम, मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा कोर्स) करतेय. आमच्या प्रॅक्टिकलला कँडिडाची कॉलनी (प्लेटवर वाढलेला पेशींचा ठिपका) सिरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या पिवळसर पाण्यात, घालून ३७ डिग्रीला ठेवतात आणि दोन-तीन तासांनी स्लाइडवर पेशींना शेपट्या आलेल्या दिसतात, त्याला जर्म ट्यूब पॉझिटिव्ह म्हणायचं. सर म्हणतात सिरममुळे येतात. पण सिरममध्ये असं काय असतं? आणि त्या पेशीला कसं कळतं की आता शेपटी काढायची? (एक विद्यार्थिनी, नांदेड)

अगं, किती छान प्रश्न विचारलास, आणि हे विचारायचं असतं हे मला तुझ्या वयात सुचलंच नव्हतं, आम्ही आपलं "पॉझिटिव्ह" लिहून मोकळे. रक्ताने कँडिडाला धागे फुटतात हे १९५६ साली रेनॉल्ड्स आणि ब्राउडी यांनी दाखवलं, पुढे त्यावरूनच यीस्ट अल्बिकन्स आहे का ते ओळखायला जगभरच्या लॅबमध्ये ही टेस्ट चालू झाली, कारण स्वस्त आहे आणि तीन तासांत उत्तर मिळतं. मोड आलेली मटकी डोळ्यासमोर आण, अगदी तसंच दिसतं ते. गोल दाणा आणि त्यातून निघालेला बारीक सरळ मोड, दाण्याला जिथे चिकटलाय तिथे चिमटा काढल्यासारखी खाच नाही. ही खाच लक्षात ठेव, शेवटच्या प्रश्नात लागणार आहे.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला वाटतं की सिरम पेशीला सांगतं "वाढ, शेपटी काढ". प्रत्यक्षात शेपटी काढायची तयारी पेशीकडे कायमच असते, ती नेहमी आवरून धरलेली असते. बैलाला वेसण असते ना तसं. कँडिडाकडे सहा हजारांच्या आसपास जीन्स आहेत, त्यातल्या धाग्यासाठी लागणाऱ्या जीन्सवर एनआरजी-वन नावाचं प्रोटीन बसलेलं असतं. ते त्या जीनच्या अलीकडच्या डीएनएवर नेमकी जागा धरतं आणि टप-वन नावाच्या दुसऱ्या प्रोटीनला बोलावून घेतं, आणि ते दोघं असेपर्यंत ती जीन वाचलीच जात नाही. हे कळलं कसं, तर सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्राउन आणि जॉन्सन यांनी १९९७ मध्ये कँडिडातली टप-वनची जीनच काढून टाकली. झालं, त्या यीस्टला गोल राहताच येईना! सिरम नको, ३७ डिग्री नको, साध्या मीडियातसुद्धा (यीस्ट वाढवायच्या खाद्यात) सगळे धागेच धागे. एनआरजी-वनचं काम २००१ मध्ये पुढे आलं, ते काढलं तरी असंच. म्हणजे गोल राहणं हीच मेहनतीने टिकवलेली गोष्ट आहे, आणि धागा होतो तो वेसण सुटली म्हणून.

वेसण सोडतं कोण? इथे तुझं सिरम येतं. पेशीच्या आत सीवायआर-वन नावाचं एंझाइम आहे, ते सायक्लिक एएमपी नावाचा छोटा निरोप्या बनवतं, तो निरोप्या पीकेए नावाच्या प्रोटीनला जागं करतो, ते पुढे ईएफजी-वन वगैरे मंडळींना कामाला लावतं आणि एनआरजी-वन त्या जीन्सवरून उठतं. आता गंमत बघ, या एका सीवायआर-वनपाशी किती रस्ते येऊन मिळतात. सिरममध्ये जीवाणूंच्या भिंतीचे बारीक तुकडे असतात, ते थेट त्याला चिकटतात, हे सिंगापूरच्या एका गटाने २००८ मध्ये दाखवलं, म्हणजे इतकी वर्षं आपण "सिरम, सिरम" करत होतो आणि त्यातला एक मोठा गुन्हेगार निघाला जीवाणूंचा कचरा. शिवाय अंगातला कार्बन डायऑक्साइड, त्याचं बायकार्बोनेट होतं, तेही त्याच एंझाइमला चेतवतं.

आणि ३७ डिग्री का, तर त्याचं उत्तर मला सगळ्यात आवडतं. एचएसपी-नाइन्टी नावाचं एक प्रोटीन आहे, ते दुसऱ्या प्रोटीनांची घडी नीट ठेवतं आणि जाता जाता या सगळ्या साखळीलाही दाबून ठेवतं. गरम झालं की पेशीतली बरीच प्रोटीनं बिघडायला लागतात, हे बिचारं त्यांच्या दुरुस्तीत अडकतं, आणि घरातली मोठी बाई पाहुण्यांत गुंतली की पोरं जशी सुटतात तशी ही साखळी सुटते. टोरोंटोच्या गटाचं हे काम २००९ चं. म्हणून सिरम घालून ट्यूब टेबलावर ठेवलीस तर काही होत नाही, इन्क्युबेटरच पाहिजे.

अजून एक. तुला सरांनी सांगितलं असेल की कॉलनीला लूप (पेशी उचलायची तारेची कडी) नुसता टेकवायचा, गोळा उचलून घालायचा नाही. आम्हालाही सांगायचे, का ते कुणी सांगितलं नाही. मी पहिल्या नोकरीत (लॅबचं नाव नको) उत्साहात अख्खी कॉलनी घातली, सिरम दुधासारखं पांढरं झालं आणि तीन तासांनी एकसुद्धा शेपटी नाही, रिपोर्ट निगेटिव्ह जाता जाता वाचला, आमच्या सीनियर बाईंनी ट्यूब उजेडात धरली आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. त्याचं कारण २००१ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्कात सापडलं. कँडिडा स्वतःच फार्नेसॉल नावाचा पदार्थ बाहेर सोडतं, गर्दी झाली की तो साठतो आणि तोच सायक्लिक एएमपीची ती साखळी बंद पाडतो. म्हणजे गर्दीत कुणी धागा काढायचा नाही असा त्यांचा आपापसातला करार. आमच्या बाईंना फार्नेसॉल माहीत नव्हतं, पण त्यांचा हात बरोबर होता.

प्रश्न: याच विद्यार्थिनीने पुढे विचारलंय, की जीन चालू झाली हे ठीक, पण त्यामुळे आकार कसा बदलतो? जीन म्हणजे काही हात नाही ओढायला.

बरोबर पकडलंस. साधं यीस्ट वाढताना आधी एका जागी कळी काढतं, थोडा वेळ त्या टोकाकडेच माल जातो, मग टोकाचं काम थांबतं आणि कळी सगळ्या बाजूंनी फुगते, फुग्यासारखी. शेवटी मधली भिंत कापली जाते आणि मायलेकी वेगळ्या. धाग्यात यातल्या दोन गोष्टी होत नाहीत. टोकाकडे माल पाठवणं थांबत नाही, आणि मधली भिंत पडते पण कापली जात नाही. म्हणजे वेगळं काही करायचं नाहीये, नेहमीचं काम एका ठिकाणी थांबवायचं नाही आणि दुसऱ्या ठिकाणी करायचं नाही, एवढंच, आणि तेवढ्याने गोल वस्तूची नळी होते.

याची किल्ली एचजीसी-वन नावाची जीन आहे, २००४ मध्ये त्याच सिंगापूरकरांनी शोधली. ही धागा होतानाच चालू होते, हिचं प्रोटीन सीडीसी-ट्वेन्टीएट नावाच्या पेशीचं घड्याळ चालवणाऱ्या प्रोटीनशी जोडी जमवतं. मग ती जोडी एका बाजूने टोकाकडची वाहतूक चालू ठेवते, आणि दुसऱ्या बाजूने भिंत कापणाऱ्या एंझाइमांच्या जीन्स बंद ठेवते. एचजीसी-वन काढून टाकलेल्या यीस्टला सिरममध्ये घातलं तर धाग्याच्या बाकीच्या जीन्स चालू होतात पण धागा काही होत नाही. वऱ्हाडी तयार, घोडा तयार, पण वरात निघतच नाही. म्हणजे "जीन चालू होणं" आणि "आकार येणं" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुझी शंका रास्त होती.

आणि वेसण सुटली म्हणजे कायमची सुटली असंही नाही बरं का. एनआरजी-वन थोड्या वेळात परत येऊन बसू शकतं. धागा पुढे चालू ठेवायचा असेल तर बीआरजी-वन नावाचं प्रोटीन त्या जागेचं डीएनए गुंडाळण्याची पद्धतच बदलवून घेतं, मग एनआरजी-वनला बसायला जागा सापडत नाही. आणि यूएमई-सिक्स नावाचं आहे, ते नुसतं किती बनतंय यावर आकार ठरतो, २००९ मध्ये टेक्सासच्या सॅन अँटोनियोत त्याचा जणू आवाजाचा नॉब बनवून बघितला. थोडा वाढवला की भुईमुगाच्या शेंगांची माळ असावी तसं खाचाखाचांचं रूप, अजून वाढवला की खराट्याच्या हिरासारखा सरळ धागा. सिरमचा थेंबही न घालता. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आकार म्हणजे हो किंवा नाही असा प्रकार नसून कमीजास्तचा प्रकार आहे हे त्यात डोळ्यांनी दिसतं.

प्रश्न: माझं वय ७१, दम्याचा पंप घेतो. तोंडात पांढरे चट्टे आले, डॉक्टर म्हणाले यीस्ट आहे. सौ. म्हणते रोज ब्रेड खाता म्हणून. ब्रेडमधलं यीस्ट आणि हे एकच का? इडलीही बंद करू का? (सांगली)

काका, आधी इडली खा. इडलीचं पीठ मुख्यतः लॅक्टिक अॅसिड करणाऱ्या जीवाणूंनी फुगतं, आणि ब्रेडचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस, ते भट्टीतच मरतं. तुमच्या तोंडातलं कँडिडा ब्रेडमधून आलेलं नाही, ते बऱ्याच माणसांच्या तोंडात असतंच. पंपातलं स्टेरॉइड थोडं तोंडात राहतं, तिथली राखण ढिली पडते आणि याचं फावतं. पंप घेतल्यावर पाण्याने खळखळून चूळ भरून थुंकायची, एवढं रोज करा, पंप मात्र मनाने बंद करू नका आणि चट्ट्यांवर डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण करा.

पण काकूंचा संशय अगदीच वाया गेला असं नाही, दोघं लांबचे भाऊ आहेत. ब्रेडचं यीस्टसुद्धा नायट्रोजनची उपासमार झाली की लांबट होऊन शेंगांची माळ करतं, हे १९९२ मध्ये कळलं, आणि ती साखळी ब्रेडच्या यीस्टमध्ये आधी सापडली म्हणून कँडिडात कुठे शोधायचं ते कळलं. टप-वनसुद्धा दोघांत आहे. फरक असा, की एकाने ती हत्यारं पिठात अन्न शोधायला ठेवली आणि दुसऱ्याने माणसाच्या अंगात.

प्रश्न: हेच ते कोविडनंतरचं ब्लॅक फंगस का?

नाही. ती म्युकर जातीची बुरशी, ती हवेतून नाकात येते. हे यीस्ट, आधीपासून घरातच बसलेलं.

प्रश्न: मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, बायोलॉजी दहावीनंतर सोडली. तुमच्या लेखावरून वाटलं की धागा झाला तरच रोग होतो. मग धागा अडवणारं औषध काढलं की प्रॉब्लेम संपला ना? एवढं सोपं असेल तर का केलं नाही? (पुणे)

तुमच्यासारखाच विचार बऱ्याच शास्त्रज्ञांनी केला, आणि सुरुवातीचे पुरावे तुमच्याच बाजूचे होते. १९९७ मध्ये अमेरिकेत फिंक यांच्या लॅबमध्ये धाग्याची दोन मुख्य बटणं, ईएफजी-वन आणि सीपीएच-वन, दोन्ही काढलेलं कँडिडा उंदरांच्या रक्तात सोडलं, उंदीर जगले. पण लगेच कुणीतरी म्हणणारच, की तुम्ही दोन महत्त्वाच्या जीन्स काढल्यात, त्यांनी अजून दहा गोष्टी बिघडल्या असतील, आकाराचा काय संबंध? म्हणून २००३ मधला प्रयोग जास्त देखणा. त्यात जीन काढली नाही, एनआरजी-वनलाच बाहेरून चालूबंद होणारं बटण बसवलं. उंदराला पाण्यातून डॉक्सिसायक्लिन नावाचं अँटिबायोटिक दिलं की वेसण सुटणार, न दिलं की आवळलेली राहणार. डॉक्सिसायक्लिन न दिलेल्या उंदरांच्या किडन्यांत यीस्ट भरपूर सापडलं, तरीही उंदीर जगले. डॉक्सिसायक्लिन दिलेले मेले, आणि त्यांच्या किडन्यांत धागे. तेच यीस्ट, तेवढंच यीस्ट, फक्त वेसणीचा फरक.

धाग्याने नक्की काय होतं, तर एक म्हणजे तो पेशींमध्ये घुसतो, पांढऱ्या पेशीने गिळला तर आतून वाढून तिला फाडून बाहेर येतो. आणि दुसरं, धाग्याच्या जीन्ससोबतच ईसीई-वन नावाची एक जीन चालू होते, तिच्यापासून कँडिडालायसिन नावाचं विष बनतं, ३१ अमिनो अॅसिडचा एवढासा तुकडा, आपल्या पेशींच्या पडद्याला भोकं पाडतो. हे २०१६ मध्ये लंडन आणि जर्मनीच्या लोकांनी शोधलं. म्हणजे तुमच्या भाषेत सांगायचं तर आकार आणि हत्यार एकाच फंक्शन कॉलमध्ये आहेत, म्हणून नुसता आकार किती दोषी आणि विष किती, हे सोडवून दाखवणं इतकं अवघड गेलं.

आता तुमचा "का केलं नाही". आज दवाखान्यात जी मुख्य औषधं आहेत, फ्लुकोनाझोल, अँफोटेरिसिन, कॅस्पोफंजिन, ती सगळी पेशीच्या पडद्यावर किंवा भिंतीवर घाव घालतात, वेसणीवर एकही नाही. वेसणीवर घाव घालायचा तर अडचणी बघा. पहिली, सगळं कँडिडा अल्बिकन्स नसतं. कँडिडा ग्लॅब्राटा खरे धागे काढतच नाही आणि तरीही रक्तात पसरतं. कँडिडा ऑरिस, जे २००९ मध्ये जपानमध्ये एका पेशंटच्या कानात पहिल्यांदा सापडलं आणि नंतर आपल्या आयसीयूंनाही छळलं, तेही एरवी गोलच असतं. डब्ल्यूएचओने २०२२ मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली त्यात ऑरिस आणि अल्बिकन्स दोघं सगळ्यात वरच्या गटात आहेत, एक धाग्याचं, एक बिनधाग्याचं.

दुसरी अडचण मला जास्त विचारात पाडते. कँडिडा बहुतेक वेळ आपल्या आतड्यात शांत राहतं, आणि तिथे धागा हा फायद्याचा नाही, उलट तोट्याचा ठरतो. उंदरांच्या आतड्यात यूएमई-सिक्स काढलेलं कँडिडा साध्या कँडिडाला मागे टाकून जास्त टिकतं, हे २०१९ मध्ये दिसलं. म्हणजे जी गोष्ट रक्तात त्याचं बळ, तीच आतड्यात त्याचं ओझं. मग तुमचं औषध घेऊन धागा अडला, रोग टळला, पण आतड्यात त्याची वस्ती वाढून बसली तर? औषध थांबलं की काय होईल? मी असं म्हणत नाही की होणारच नाही, पण "सोपं" हा शब्द मी वापरणार नाही.

प्रश्न: मी कॉलेजमध्ये शिकवतो. व्हाइट-ओपेक स्विचिंग आणि यीस्ट-हायफा (हायफा म्हणजे धागा) बदल यात विद्यार्थी कायम गोंधळतात. सोप्या शब्दांत फरक कसा सांगावा? (मडगाव)

सर, मी वर्गात असं सांगायचे. धागा म्हणजे पावसात छत्री उघडणं, पाऊस थांबला की मिटली. व्हाइट-ओपेक म्हणजे धर्म बदलणं, पोरंबाळंही त्याच धर्मात वाढतात. १९८७ मध्ये आयोवाच्या सोल यांच्या लॅबने दाखवलं की एकाच कँडिडाच्या प्लेटवर पांढऱ्या (व्हाइट) कॉलन्यांमध्ये मधूनच एखादी कॉलनी चपटी, मळकट (ओपेक) निघते, त्यातल्या पेशी गोल नसून लांबट, तांदळाच्या दाण्यासारख्या, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्याही तशाच. डीएनए मात्र तेच, अक्षरही बदललेलं नाही. असा बदल साधारण दहा हजार विभाजनांत एखादा होतो.

याची किल्ली २००६ मध्ये सापडली, डब्ल्यूओआर-वन. हे प्रोटीन स्वतःच्याच जीनसमोर जाऊन बसतं आणि स्वतःलाच चालू ठेवतं. एकदा पुरेसं बनलं की थांबत नाही, पेशी विभागली की वाटणीत दोघींना मिळतं, म्हणून वारसा चालतो. विद्यार्थ्यांना इथे हमखास प्रश्न पडतो की मग उपयोग काय, तर ओपेक पेशींचा संयोग व्हाइटपेक्षा दहा लाख पटींनी जास्त सहज होतो. आणि वेळ उरला तर हेही सांगा, की हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी, जी मातीत धागा असते आणि फुफ्फुसात गेली की यीस्ट होते, म्हणजे कँडिडाच्या बरोबर उलट, तिच्यात यीस्ट होण्याची किल्ली आरवायपी-वन आहे, आणि ते याच डब्ल्यूओआर-वनचं भावंड निघालं. तसलंच प्रोटीन, दुसऱ्या घरी जाऊन दुसऱ्याच आकाराची जबाबदारी घेतलेलं.

प्रश्न: सोबत स्लाइडचा फोटो पाठवतोय. सकाळी ९ ला लावली, २ ला बघितली. मी पॉझिटिव्ह म्हणतोय, मित्र नाही म्हणतोय. तुम्हीच सांगा, पार्टीची पैज लागलीय. (एक टेक्निशियन, जळगाव)

फोटो मोठा करून बघितला. डावीकडच्या खालच्या पेशीकडे बघ, शेपटी जिथून निघते तिथे चिमटा आहे, आणि शेपटी मधे जराशी फुगीर आहे, मटकीचा मोड नाही तो, शेंग आहे. वरच्या दोन्हीतही तेच. मित्राला पार्टी दे. पण त्यालाही फार उड्या मारू देऊ नकोस, कारण पाच तास ही वेळच चुकीची आहे, तीन तासांच्या पुढे कँडिडा ट्रॉपिकॅलिससारखी मंडळीही शेंगा काढून पॉझिटिव्हचा भास करतात, त्यामुळे या स्लाइडवरून कुणालाच काही सांगता येणार नाही. उद्या २४ तासांच्या ताज्या कॉलनीला लूप नुसता टेकव, अर्धा एमएल सिरम, सोबत माहीत असलेलं अल्बिकन्स कंट्रोल म्हणून लाव, अडीच तासांनी बघ. आणि खरंच पॉझिटिव्ह आली तरी रिपोर्टवर थेट अल्बिकन्स लिहू नकोस, डब्लिनिएन्सिस नावाचं त्याचं सख्खं भावंडही असेच मोड काढतं.